नऊ लाखांचा दाखला

पुण्यात एम.एस्सी.ला माझा नंबर लागला तेव्हा घरात पहिली चौकशी फीची झाली. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो, गावही तात्याच म्हणतं. फीचा आकडा ऐकून तात्या चक्क हसले. "एवढ्यात ट्रॅक्टरची मागची टायरंबी येत न्हाईत," म्हणाले. शिक्षण इतकं स्वस्त असतं हे आधी माहीत असतं तर तात्यांनी बहुधा मला दोनदा शिकवलं असतं.

मग मी दुसरा कागद पुढे केला. त्यावर राहणं, मेस, बस, पुस्तकं असं लिहिलेलं होतं आणि खालची बेरीज फीच्या कितीतरी पट होती. तात्यांनी तो कागद लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला.

"ह्ये काय?"

"राहण्या-जेवणाचा खर्च."

"राहायला पैसं पडत्यात?"

त्यांचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता. घोडेगावच्या पुढे, डिंभ्याच्या रस्त्याला आमचं घर आहे. तात्या त्या घरात जन्मापासून फुकट राहत आलेत आणि त्या घरातलंच जेवत आलेत. माणसाने नुसतं झोपून उठायचे पैसे द्यायचे, ही कल्पना त्यांना शहाण्या माणसाची वाटली नाही.

आम्ही मंचरला बँकेत गेलो. मॅनेजर भला माणूस होता. फीचं कर्ज लगेच होईल म्हणाला. राहण्या-जेवणाचाही खर्च कर्जात बसतो, फक्त मेसची, खोलीची, सगळ्याची पावती लागेल. त्याच्या मागच्या भिंतीवर ट्रॅक्टर कर्जाची भलीमोठी जाहिरात होती. ट्रॅक्टरला डिझेल लागतं हे बँकेला न सांगता पटलं होतं. विद्यार्थ्याला पोळी लागते, याचा मात्र पुरावा हवा होता.

पण आम्हाला अडवलं ते बँकेने नाही. तात्या खुर्चीत ताठ झाले आणि म्हणाले, "फीचं करा सायेब. जेवणाचं नको. माझी पोरगी कर्जाचं जेवंल व्हय?"

आमच्या घरात कर्ज नाही, हा तात्यांचा मोठा अभिमान. दरवर्षी सोसायटीकडून पिकासाठी पैसे येतात आणि दरवर्षी ते परत जातात, पण त्याला तात्या कर्ज म्हणत नाहीत. त्याला सोसायटी म्हणतात. फीचं कर्ज एकवेळ चाललं असतं, कारण फी कॉलेजच्या पोटात जाते. जेवण माझ्या पोटात जाणार होतं, म्हणजे अब्रूचा प्रश्न आला. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. सही फक्त फीच्या कर्जावर झाली.

मॅनेजरनेच मग दुसरी वाट दाखवली. माझ्यासारख्या होस्टेल न मिळालेल्या, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सरकारचा एक निर्वाह भत्ता होता. दोन वर्षं खोली आणि मेस भागेल एवढा. अट एकच, घराचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला. तात्यांची कळी खुलली. बँकेचं घेणं म्हणजे कर्ज, सरकारचं घेणं म्हणजे हक्क. आणि उत्पन्न मर्यादेच्या आत असणं यात आमच्या चार एकरांनी कधीच कसूर केली नव्हती. तेव्हा माझं पुण्यात राहणं त्या एका दाखल्यावर आलं.

अडचण एवढीच की त्याच उन्हाळ्यात घरात आणखी एका गोष्टीची घाई चालली होती. माझा भाऊ तिशी ओलांडून गेला होता आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. मुलगा निर्व्यसनी, रंगाने बरा, शेतीला कालव्याचं पाणी. दोष एकच, तो शेती करायचा. आमच्या भागात मुलीकडच्यांना जमीन लागते, पण ती कसणारा जावई लागत नाही. तो पुण्यात कंपनीत असावा, फ्लॅटचे हप्ते भरत असावा आणि गावाकडच्या जमिनीचा फोटो मोबाइलवर दाखवत असावा. तीन ठिकाणचे पाहुणे चहा-पोहे खाऊन, बिबट्या इकडं कितपत फिरतो याची चौकशी करून, 'कळवतो' म्हणून गेले होते. त्यांनी कळवलं नाही. भाऊ तेव्हापासून चहाला बसताना दाराकडे पाठ करून बसायचा.

चौथं स्थळ आण्याचं निघालं. आणे म्हणजे जुन्नरच्या पूर्वेचं पठार, पाण्याची बोंब. कालव्याच्या पाण्याचं नाव काढलं तरी तिथल्या माणसाचा चेहरा मवाळ होईल, असा तात्यांचा हिशेब. मुलगी चांगली होती, भावाला आवडली होती. तिच्या वडिलांची एकच मागणी होती, सातबारा डोळ्यांनी बघायचा. तात्या म्हणाले, तलाठ्याच्या कार्यालयातच चला, शिक्क्याचा बघा. आणि मला म्हणाले, "तूबी तुझं कागुद घे. एका पेट्रोलात दोन कामं."

जगात फक्त आमच्या घरातच सुचू शकणारी ही युक्ती. एकाच दिवशी, एकाच टेबलावर, एकाच माणसाने मुलासाठी श्रीमंत आणि मुलीसाठी गरीब ठरायचं.

तलाठ्याचं सरकारी नाव हल्ली बदलून लांबलचक झालंय, पण ते कुणाच्या तोंडी बसलेलं नाही. आमचा तलाठी तरुण आणि हसरा. मुलीच्या वडिलांनी चष्मा लावून सातबारा वाचला, बोट ठेवून वाचला. मी दारातच उभी होते, हातात अर्ज, रेशनकार्ड आणि स्वयंघोषणापत्राचा कोरा नमुना. त्यांनी मान वर करून विचारलं, "तू काय शिकती गं?" मी सांगितलं. "पुण्याला एकटी राहनार?" मी हो म्हणाले. त्यांनी पुन्हा सातबाऱ्यात डोकं घातलं.

मग तलाठ्याने माझा अर्ज घेतला, पेन उघडलं आणि या राज्यात रोज हजार वेळा विचारला जात असेल तो प्रश्न विचारला.

"बोला तात्या, किती टाकू?"

मुलीच्या वडिलांनी चष्मा काढला.

आमच्या दोन एकर टोमॅटोला आणि दोन एकर कांद्याला साऱ्या वर्षात किती सुटतं हे तात्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, तलाठ्याला तर पाठ होतं. दीड लाख म्हटलं असतं तरी ते चांगल्या वर्षातलं झालं असतं. तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे. मी डोळ्यांनी जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले.

"टाका नऊ लाख," तात्या म्हणाले.

तलाठ्याचं पेन थांबलं. "तात्या, भत्त्याचा अर्ज आहे हा. नक्की नऊ?"

"नवाच्या वरच असंल, पण नऊ टाका. उगं खोटं कशाला."

हे शेवटचं वाक्य मी आजही विसरलेले नाही. तलाठ्याने लिहिलं. मुलीच्या वडिलांनी विचारून त्याचा मोबाइलवर फोटो काढला, तो काढताना त्यांचा हात थोडा हलला म्हणून दुसरा काढला. नऊ लाखांचे असे दोन फोटो झाले.

परत येताना मोटरसायकलवर मी मागे बसले होते. मी म्हणाले, उद्या जाऊन बदलून घेऊ. तात्या वाऱ्यावर ओरडले, "पावण्याकडं फोटू हाय! उद्या दुसराच आकडा निघला तर तुझ्या भावाचं काय?" तुझं काय, असं ते म्हणाले नाहीत. घरी आल्यावर आईला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला, पण दोन दिवसांत आण्याहून होकार आला आणि तिने तोच हात पेढ्यांना लावला. भत्त्याची मुदत लग्नाच्या धामधुमीत निघून गेली. लग्न नऊ लाखांच्या माणसाला साजेसं झालं. स्टेज, ड्रोनचा कॅमेरा, दोन गोडाचे पदार्थ. मी वऱ्हाडाला पाणी वाढत होते आणि एका जेवणावळीत माझी किती महिन्यांची मेस बसते याचा अंदाज बांधत होते. संख्याशास्त्राला प्रवेश घेतला होता, सराव हवाच.

"महिन्याचं मी देतो," तात्यांनी जाहीर केलं होतं. पालकांचा वाटा म्हणतात तो हा. पहिले दोन महिने पैसे आले. नंतर रक्कम अर्ध्यावर आली आणि बाकीचा वाटा मालाच्या रूपात येऊ लागला.

मी विद्यापीठाजवळ कॉट बेसिसवर राहत होते. कॉट बेसिस म्हणजे खोलीचं नाही, खाटेचं भाडं द्यायचं. खाटेखालची जागा मालकीणबाईंच्या मेहेरबानीने फुकट होती. त्या जागेत पहाटे पहाटे आमच्या गावच्या भाजीच्या टेम्पोतून टोमॅटोचे क्रेट येऊन पडायचे. भाव चांगला असला की क्रेट येत नसे, तात्यांचा फोनही तुटक असे. भाव पडला की माझ्यावर त्यांचं प्रेम उतू जायचं. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला काय चाललंय हे मला पेपर न वाचता खाटेखाली वाकून कळत असे. एकदा पाच क्रेट आले. खोलीतल्या तिघी मुली आठ दिवस टोमॅटोचं सार पीत होत्या आणि माझ्या वडिलांच्या दिलदारपणाबद्दल बोलत होत्या. मेसच्या काकूंना मी दोन क्रेट देऊ केले, महिन्याच्या पैशांत वळते करून घ्या म्हणाले. काकूंनी क्रेट ठेवून घेतले आणि आभार मानले.

दिवाळीनंतर मी मेस एका वेळची केली. दुपारचं जेवायचं, रात्री मुलींबरोबर चहा आणि बिस्किट, नाहीतर जेवून आले असं सांगून झोपायचं. रोज आठ वाजता तात्यांचा फोन येई. "जेवलीस का?" "जेवले." एवढं झालं की पालक म्हणून त्यांचं कर्तव्य पूर्ण होई. मी खोटं बोलत होते, पण ते मी शिकले कुणाकडून, हेही मला ठाऊक होतं.

मला राग आला होता. तो टोमॅटोचा नव्हता, पैशांचाही नव्हता. त्या टेबलाशी तात्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा पाहुण्यांकडे पाहिलं आणि त्यांना निवड करायला श्वासभरही वेळ लागला नाही, याचा होता. आता मला नोकरी आहे, फीच्या कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जातो, तरी हे लिहिताना तो राग थोडा गरम होतोच.

मे महिन्यात परीक्षा झाली. मी मालकीणबाईंना खाट सोडते म्हणाले, गादीची वळकटी बांधली आणि दोन तास उशिरा आलेल्या डिंभ्याच्या एसटीने घरी आले. पहिल्या सत्रात वर्गात दुसरी आले होते. दुसरं वर्ष करायचं नाही असं ठरवून आले होते आणि घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. एखादी शाळा शिकवायला मिळेल म्हणणार होते.

वळकटी माझ्या वहिनीने पाहिली. आण्याची ती मुलगी आता वर्षभर आमच्या घरात होती. कमी बोलायची, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. स्वयंपाकघरात भाकरी थापताना तिने विचारलं, "ताई, सुट्टीला येताना गादी कोण आनतं?"

मी काहीतरी थाप मारली. तिने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "हात किती बारीक झालेत बघा." मग मला सगळं सांगावंच लागलं. भत्ता, दाखला, एका वेळची मेस. नऊ लाखांपाशी आले तेव्हा अडखळले, कारण ते तिच्यासमोर बोलायचं नव्हतं. तो आकडा तर तिच्या घरासाठीच होता.

तिने भाकरी उलटली. वडिलांना ती दादा म्हणते. "आमच्या दादांना नऊ लाख खरं वाटलं व्हय? चार एकरात नऊ लाख सुटत असतं तर समदं आणं उठून इकडंच आलं असतं. दादा त्याच दिवशी घरी येऊन म्हनालं, मानूस फेकतो लई. पर पोरगी पुण्याला शिकायला चाललीय आन बाप तिचा कागुद घेऊन आलाय. तसल्या घरात बायामानसाचं जरा तरी ऐकत असतील. म्हनून दिली मला."

ज्या होकारासाठी माझं वर्ष खर्ची पडलं, तो होकार माझ्याच अर्जावर आला होता. तात्यांनी दीड लाख म्हटलं असतं तरी लग्न झालं असतं. कदाचित लवकर झालं असतं. मला हसू आलं आणि त्या हसण्यात रडूही मिसळलं, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं. आमच्याकडे गॅस आहे.

"मग ऐकतात का घरात तुझं?" मी विचारलं.

"अजून इचारलंय कुटं," ती म्हणाली. "मलाबी बी.ए.चं शेवटचं वरीस राहिलंय." आणि तिने परातीत पुढचं पीठ घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती तात्यांना म्हणाली, "तात्या, दुसऱ्या वर्साच्या भत्त्याला ताईंचा दाखला नवा काढायचा ना? मीबी येती. रेशनकार्डात माझं नाव आलंय का ते बघायचंय." तात्यांना तिला कधी नाही म्हणता येत नसे. एवढ्या खटपटीने आणलेली सून.

कार्यालयात बाकावर गावची पाच-सहा माणसं बसलेली होती. तात्यांनी सगळ्यांना रामराम घातला आणि आवाज अगदी खाली आणून तलाठ्याला म्हणाले, "सव्वा लाख टाका."

तलाठी कॉम्प्युटरकडे बघून म्हणाला, आणि त्याचा आवाज काही खाली नव्हता, "तात्या, मागच्या वर्षी नऊ लाख होते. एका वर्षात सव्वा? काय, घोड नदी शेतातून गेली का?" बाकावरची माणसं हसली. "असं नुसतं बदलता येत नाही. मागचा आकडा का चुकला त्याचा जबाब लिहून द्यावा लागेल. कारण काय लिहू?"

तात्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. मी ओळखलं, हे आता म्हणणार, राहू द्या नऊच. बाकावरचं प्रत्येक माणूस लग्नात जेवून गेलेलं होतं.

"कारण मी," वहिनी म्हणाली. पदर सारखा करून ती टेबलापाशी गेली. "माझ्या सोयरिकीच्या टायमाला बोलले व्हते. त्यापायी ताईंचा भत्ता गेला. वरीसभर ह्या एक टाईम जेवल्यात. तसं लिवा."

तात्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एक टाईम जेवल्यात हे त्यांना तिथे, सगळ्यांदेखत कळलं. मला वहिनीचा हात धरून तिला बाहेर न्यावंसं वाटलं, आणि नेऊ नये असंही वाटलं.

तलाठी चांगल्या मनाचा होता. त्याने घसा साफ केला. "ते सोयरिकीचं वगैरे कशाला कागदावर. मी आपलं लिहितो, 'मागील वर्षी उत्पन्न अनवधानाने जास्त सांगण्यात आले.' तात्या, इथं सही करा."

तात्यांनी पेन घेतलं. कागद लांब धरला, मग जवळ धरला. आणि खाली ठेवला.

"अनवधानानं न्हाई," ते म्हणाले. आवाज बाकापर्यंत जाईल एवढा होता. "मी जानूनबुजून सांगितलं. तसंच लिवा."

"तात्या, त्याने अडचण होईल. उगाच..."

"मग माझी होऊ द्या. पोरीची नको."

तलाठ्याने जुना कागद फाडून नवा लिहिला. 'जाणूनबुजून' हा शब्द त्याने बहुधा त्या कार्यालयात पहिल्यांदाच लिहिला असेल, कारण लिहिताना तो दोनदा थांबला. तात्यांनी सही केली. सही करायला त्यांना नेहमी वेळ लागतो, त्या दिवशी जास्त लागला. मग तो कागद माझ्या हातात देताना ते माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "तुझं वरीसभराचं रातचं जेवन मी खाल्लं बघ."

मी कागद घेतला आणि भत्त्याच्या अर्जाला लावायला त्याची झेरॉक्स काढायला बाहेर गेले.